मायकल पेलिन : 'सज्जन माणूस' ही भूमिका कशी उभी राहते?

तळटीप :

मॉन्टी पायथन या सहा जणांच्या ब्रिटिश विनोदी कंपूचा (जॉन क्लीज, ग्रॅहम चॅपमन, एरिक आयडल, टेरी जोन्स, टेरी गिलियम आणि मायकल पेलिन) विषय निघाला की चर्चा फिरून फिरून जॉन क्लीजपाशी येते आणि मायकल पेलिनच्या वाट्याला 'तो बापडा सज्जन माणूस' एवढं एक वाक्य येतं. हा धागा त्या बापड्यासाठी. माझं म्हणणं असं की खऱ्या आयुष्यात तो सज्जन असेलही, पण पडद्यावर त्याचा सज्जनपणा हे घासूनपुसून ठेवलेलं हत्यार आहे. आधी स्केचमध्ये (म्हणजे टीव्हीवरच्या छोट्या प्रहसनांत), मग सिनेमात, मग प्रवासमालिकांत त्याने तेच हत्यार वेगवेगळ्या धारेने वापरलं.

आधी कुंडली मांडतो. जन्म 5 मे 1943, शेफील्ड. वडील पोलादाच्या धंद्यात इंजिनीअर, आयुष्यभर अडखळत बोलणारे (हे पुढे लागणार आहे). श्रूजबरीची शाळा, मग ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात इतिहास, पदवी 1965 ची. टेरी जोन्स तिथेच भेटला, 1964 साली दोघे एडिंबरा महोत्सवात ऑक्सफर्डच्या रेव्ह्यूमध्ये (गाणी-प्रहसनांच्या कार्यक्रमात) होते. टीव्हीवरचं पेलिनचं पहिलं नियमित काम मात्र नटाचं नाही. 1965 साली 'नाऊ!' नावाच्या पॉप संगीताच्या कार्यक्रमाचा तो निवेदक होता. म्हणजे 'नट म्हातारपणी निवेदक झाला' हा क्रम मुळातच उलटा आहे.

1966 मध्ये हेलन गिबिन्सशी लग्न. त्याच सुमारास डेव्हिड फ्रॉस्टच्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'साठी लेखन, जिथे क्लीज, चॅपमन, आयडल, जोन्स आणि पेलिन असे पुढचे पाच पायथन एकाच कार्यक्रमासाठी लिहीत होते. मग 'डू नॉट ॲडजस्ट युअर सेट' हा मुलांसाठीचा कार्यक्रम, जो मोठी माणसं कामावरून लवकर घरी येऊन बघायची. 5 ऑक्टोबर 1969 ला पायथनच्या 'फ्लाइंग सर्कस' या टीव्ही कार्यक्रमाचा पहिला भाग बीबीसीवर लागला. चार मालिका मिळून 45 भाग, शेवटचा डिसेंबर 1974 मध्ये.

जाणकारांनी भर घालावी. कोणता विनोद चांगला याच्या याद्या नकोत, काम कसं चालतं त्यावर बोलू.

आडकित्ता :

पोपटापासूनच सुरुवात करू (गिऱ्हाईक क्लीज मेलेला पोपट दुकानात परत आणतो आणि दुकानदार पेलिन तो मेलाय हे मान्यच करत नाही), कारण त्या स्केचमध्ये पेलिन काय करतो हे सहसा कुणी बघतच नाही.

मूळ कल्पना पेलिनने सांगितलेल्या एका गॅरेजवाल्याची. गाडीत काहीही बिघडलेलं सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं, की गाडी उत्तम आहे. त्यावर 1968 च्या 'हाऊ टू इरिटेट पीपल' या टीव्ही कार्यक्रमात एक स्केच झालं, त्यात गिऱ्हाईक ग्रॅहम चॅपमन आणि विक्रेता पेलिन. पुढे क्लीज आणि चॅपमन यांनी ते पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा गाडीच्या जागी टोस्टर होता. टोस्टर काढून पोपट घालायचं चॅपमनला सुचलं. प्रक्षेपण 7 डिसेंबर 1969.

आता यंत्र बघा. क्लीजचा आवाज पायरी पायरीने वर चढत जातो. पेलिनची पट्टी जिथे सुरू झाली तिथेच राहते. पोपट विश्रांती घेतोय, मग तो बावचळलाय, मग त्याला नॉर्वेच्या खाड्यांची आठवण येतेय. प्रत्येक थापेच्या आधी तो पक्ष्याकडे एक नजर टाकतो, जणू आत्ताच तपासून सांगतोय. दुकानदाराला आपण खोटं बोलतोय हे कळतंय की नाही, याचं उत्तर पेलिन शेवटपर्यंत देत नाही. कळतंय असं दिसलं तर तो साधा लबाड ठरतो आणि क्लीजचं चिडणं रास्त होतं, मग हसायला काही उरत नाही. कळतच नाहीये असं दिसलं तर तो वेडा ठरतो आणि आपल्याला त्याची कीव येते.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये या धर्तीचं काही बसवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. दुकानदाराची वाक्यं गिऱ्हाइकाच्या वाक्याच्या शेपटीवर पाय देऊन यायला नकोत, अर्धा श्वास मध्ये हवा. दुकानदाराने काउंटर सोडायचं नाही, हालचाल सगळी गिऱ्हाइकाची. पक्षी हाताळायचा तो गिऱ्हाइकाने, आणि आपटायचा तो एकदाच मनापासून, उगाच दहादा नाही. आणि हशा आला की दुकानदार करणारा मुलगा प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावतो, तिथे स्केच संपतं. नव्वद टक्के प्रयोग या चौथ्या कारणाने पडतात.

मोरपंखी :

+1. आणि चीजच्या दुकानाचं स्केच (1972) हे त्याहून अवघड काम. क्लीज चाळीसहून जास्त चीजची नावं घेतो आणि पेलिनला प्रत्येकाला 'नाही' म्हणायचंय. लिहिलंय क्लीज-चॅपमननी, पण प्रत्येक नकार वेगळा करून द्यायची जबाबदारी पेलिनची. काही नकार दिलगिरीचे, काही आशा लावणारे, एखादा तर 'अरेरे, आत्ताच संपलं बघा' अशा सुरातला. एकाच सुरात म्हणून बघा, दहाव्या चीजला प्रेक्षक घड्याळ बघतील.

काडीपेटी :

मी विरोधी पक्षात बसतो. तुम्ही म्हणताय ते सगळं 'समोरच्याला चेंडू टाकणं' आहे. गोलंदाजाला मान द्या, पण सिक्सर क्लीजचाच ना? पेलिनला एकट्याला मंच दिला तर काय राहतं?

आडकित्ता :

@काडीपेटी, पेलिनने गायलेलं लाकूडतोड्याचं गाणं, 14 डिसेंबर 1969, पोपटानंतर बरोबर एका आठवड्याने. आणि दुसऱ्या मालिकेतलं स्पॅनिश इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा छळ करणाऱ्या जुन्या चर्चच्या न्यायालयावरचं स्केच. त्यातला कार्डिनल झिमेनेझ पेलिनच आहे. लाल झगा, दारातून धाडकन प्रवेश, आणि मग 'आमचं मुख्य हत्यार' मोजताना गणित चुकत जातं. एकाचे दोन, दोनाचे तीन, शेवटी बाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करायची पाळी. क्लीज त्या खोलीतल्या छळकर्त्यांत नाहीच, तिथे पेलिन, जोन्स आणि गिलियम आहेत. त्यातली गंमत अशी की कार्डिनल क्रूर व्हायचा जिवापाड प्रयत्न करतोय आणि त्याच्या आतला शिष्टाचारी इंग्रज त्याला होऊ देत नाही. छळाचं साधन म्हणून मऊ उशी आणि आरामखुर्ची. हे क्लीजला देऊन बघा, उशीसुद्धा भीतीदायक वाटेल.

सोळा_मिमी :

तांत्रिक बाजूची भर घालतो, कारण अभिनय असा का दिसतो याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

फ्लाइंग सर्कस दोन वेगळ्या माध्यमांत बनायची. घराबाहेरचे प्रसंग आधी 16 मिमी फिल्मवर चित्रित व्हायचे. स्टुडिओतले प्रसंग नंतर प्रेक्षकांसमोर दोन इंची व्हिडिओ टेपवर. त्या वेळी टेपचं संकलन किचकट आणि खर्चिक होतं, त्यामुळे स्टुडिओतलं स्केच नाटकासारखं सलग खेळायचं आणि चुकलं तरी निभावून न्यायचं, हाच रिवाज. पोपटाच्या स्केचमधला दम त्या सलगपणातून येतो. फिल्म आणि टेप यांचा पोत इतका वेगळा दिसायचा की दुसऱ्या मालिकेत त्यांनी त्याचीच टिंगल केली. पात्रं दार उघडून बाहेर बघतात आणि घाबरून परत येतात, कारण बाहेर सगळीकडे फिल्म आहे!

लेखनाची पद्धतही नोंदवण्यासारखी. क्लीज-चॅपमन जोडी, पेलिन-जोन्स जोडी, आयडल एकटा, ॲनिमेशनला गिलियम. सगळे एकत्र बसून मोठ्याने वाचायचे, बाकीचे हसले तर ठेवायचं. क्लीज-चॅपमनच्या लिखाणात दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना आणि शब्दांची मारामारी. पेलिन-जोन्सच्या लिखाणात आधी डोंगर, दरी, संगीत, कॅमेरा संथपणे सरकतोय, आणि मग कुठेतरी माणूस. बाकीचे त्यावरून या दोघांना चिडवायचे. पण पुढे तीसेक वर्षांनी सहारा आणि हिमालयात पेलिन नेमकं हेच करत होता हे लक्षात घ्या.

आणि तो मासे मारण्याचा नाच. जागा टेडिंग्टनचं लॉक, म्हणजे थेम्सवरचा जहाजं चढवण्या-उतरवण्याचा हौद. पेलिन दोन चिंगळ्या माशांनी क्लीजच्या गालावर टिचक्या मारतो, क्लीज एक भलामोठा मासा काढून त्याला पाण्यात पाडतो. एकूण कारभार वीसेक सेकंदांचा. तालीम झाली तेव्हा पाणी काठापासून दोन-तीन फूट खाली होतं. प्रत्यक्ष टेकच्या वेळी हौद रिकामा होत गेला आणि उडी झाली सुमारे 15 फुटांची. पडताना तो हातपाय झाडत नाही, ओंडक्यासारखा सरळ जातो, म्हणून ते मजेदार. 

झेंडूबाम :

अवांतर होईल, पण 1975 च्या कोर्टाच्या प्रकरणाशिवाय पायथनचा हिशेब पूर्ण होत नाही, आणि पेलिन त्यात साक्षीदार होता.

अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने चौथ्या मालिकेचे सहा भाग घेऊन 90-90 मिनिटांचे दोन कार्यक्रम केले. जाहिरातींना जागा हवी म्हणून 90 मधली 24 मिनिटं कापली, त्यात वाह्यात वाटलेले शब्दही गेले. सेटअप राहिला आणि पंच उडाला, किंवा पंच राहिला आणि सेटअप उडाला. पहिला कार्यक्रम ऑक्टोबर 1975 मध्ये लागला. दुसरा 26 डिसेंबरला लागायचा होता, म्हणून पेलिन आणि गिलियम न्यूयॉर्कला जाऊन कोर्टात उभे राहिले. मूळ आणि कापलेलं असं दोन्ही कोर्टात दाखवण्यात आलं. खालच्या कोर्टाने दुसरा कार्यक्रम थांबवला नाही, पण 30 जून 1976 रोजी अपील कोर्टाने निकाल पायथनच्या बाजूने दिला. लेखकाच्या नावावर मोडकातोडका माल खपवणं हे त्याच्या कामाची विटंबना आहे, असा त्याचा आशय. नंतरच्या तडजोडीत ब्रिटनबाहेरच्या प्रक्षेपणाचे हक्क हळूहळू त्यांच्या हातात आले. पुढची चाळीस वर्षं जुन्या कामातून पैसा येत राहिला तो यामुळे, आणि त्या जोरावर पेलिनला आवडीची कामं निवडता आली.

तळटीप :

@झेंडूबाम, अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे.

सिनेमांकडे वळू. 'होली ग्रेल' (1975) मधले नारळ सगळ्यांना माहीत आहेत, घोड्यांना पैसे नव्हते म्हणून टापांच्या आवाजासाठी वाजवलेले. पैसे आले होते पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन वगैरे मंडळींकडून. त्यात ऐन वेळी स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने आपले किल्ले द्यायला नकार दिला, मग एकटा डून किल्ला वेगवेगळ्या कोनांतून अनेक किल्ले म्हणून खपवावा लागला.

'लाइफ ऑफ ब्रायन' (1979) ही येशूच्याच काळातल्या, लोक चुकून मसीहा समजतात अशा ब्रायनची गोष्ट. त्यात पेलिनचा पाँटियस पायलट. र उच्चारता न येणारा रोमन सुभेदार, समोर हसू दाबणारे शिपाई. इथेही तेच तंत्र. पायलट मनापासून रागावलाय, पण त्याचा राग त्याच्या जिभेवर येऊन सांडतो. या सिनेमातून ईएमआय या निर्मिती कंपनीने आयत्या वेळी अंग काढलं आणि बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने मालमत्ता गहाण टाकून सुमारे 40 लाख डॉलर उभे केले. ट्युनिशियात मोनास्तीरला झेफिरेल्लीच्या येशूवरच्या मालिकेचे सेट शिल्लक होते, तेच वापरले.

मोरपंखी :

ब्रायनवरून 9 नोव्हेंबर 1979 ला बीबीसीवर झालेली चर्चा जरूर बघा. एका बाजूला क्लीज आणि पेलिन, दुसऱ्या बाजूला पत्रकार माल्कम मगरिज आणि साउथवर्कचे बिशप मर्व्हिन स्टॉकवुड, मध्ये सूत्रसंचालक टिम राइस. क्लीज निवांत, वकिली थाटात बोलतोय. पेलिनचा चेहरा मात्र लाल होत जातो. तो धर्माचा अभ्यास करून, गंभीर चर्चेच्या तयारीने आला होता आणि समोरचे दोघे त्याची टर उडवत होते. नंतर कळलं की त्या दोघांनी सिनेमाची पहिली पंधरा मिनिटं पाहिलीच नव्हती, आणि ब्रायन म्हणजे येशू नव्हे हे त्याच पंधरा मिनिटांत स्पष्ट होतं. बिशपांनी शेवटी चांदीच्या तीस नाण्यांचा (येशूला दगा द्यायला जूडासने घेतलेल्या पैशांचा) टोमणा मारला. कॅमेऱ्यासमोर पेलिनचा ताबा सुटता सुटता राहिलेला मला माहीत असलेला हा एकच प्रसंग.

काडीपेटी :

म्हणजे सज्जनपणा खराच निघाला की. हत्यार वगैरे कुठे गेलं?

आडकित्ता :

'ब्राझील' (1985) बघा, मग बोलू.

त्यात पेलिन जॅक लिंट आहे. सरकारी छळखात्यातला हुशार, कुटुंबवत्सल, बढत्या मिळवणारा अधिकारी. रॉबर्ट डी निरोला ही भूमिका हवी होती, पण दिग्दर्शक टेरी गिलियमने ती आधीच पेलिनला कबूल केली होती, म्हणून डी निरो दुसऱ्या छोट्या भूमिकेत गेला. ऑफिसच्या प्रसंगात जॅकच्या पांढऱ्या कोटावर रक्त आहे आणि खोलीत त्याची लहान मुलगी खेळतेय (गिलियमची खरी मुलगी). जॅक मित्राशी बोलतोय तो अगदी जुन्या वर्गमित्राच्या जिव्हाळ्याने. कुठेही आवाज खाली नेऊन भीती दाखवायचा प्रयत्न नाही. पेलिनने इथे काहीही नवीन केलेलं नाही, तोच पोपटवाला दुकानदार आहे. फक्त या वेळी काउंटरवर माणूस ठेवलाय.

हाच धागा 'द डेथ ऑफ स्टॅलिन' (2017) मधल्या मोलोतोव या सोव्हिएत नेत्यापर्यंत जातो. ज्या पक्षाने बायको तुरुंगात टाकली त्याच पक्षाची रेषा मऊ आवाजात, तर्कशुद्धपणे समजावून सांगणारा म्हातारा. एखाद्या आक्रस्ताळ्या नटाने ते केलं असतं तर व्यंगचित्र झालं असतं.

ओव्हरकोट :

'अ फिश कॉल्ड वांडा' (1988) मधला केन आला नाही अजून. बाफ्टाचं (ब्रिटिश चित्रपट अकादमीचं) सहायक अभिनेत्याचं पारितोषिक त्यालाच मिळालं. प्राणीप्रेमी मारेकरी, साक्षीदार म्हातारीला मारायला जातो आणि दर वेळी तिचा एक कुत्रा मरतो. केन अडखळत बोलतो. पेलिनने ते वडिलांकडे आयुष्यभर बघितलं होतं, म्हणून त्यात नकलेचा खोटेपणा नाही. अक्षर अडलं की केन मान, खांदा, डोळे सगळं पणाला लावतो, पण विनोद अडखळण्यावर नसून समोरच्याच्या उतावीळपणावर आहे. मोक्याच्या क्षणी जागेचं नाव केनच्या तोंडून निघत नाही आणि क्लीज घाईने मेटाकुटीला येतो, तो प्रसंग त्यासाठी बघा. तरीही टीका झालीच.

त्यातूनच पुढे 1993 मध्ये लंडनला अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठीचं मायकल पेलिन सेंटर सुरू झालं. नाव दिलं आणि निघून गेला असा प्रकार नाही, तो तिथल्या कामाशी जोडलेला राहिला. तिथली लहान मुलांसाठीची, साधारण सात वर्षांपर्यंतची पद्धत आता वाचोपचारवाल्यांमध्ये 'पेलिन पीसीआय' (पीसीआय म्हणजे पालक-मूल संवाद) म्हणून ओळखली जाते. सांगाडा साधा आहे: आठवड्याला एक अशी सहा सत्रं, मग सहा आठवडे घरी सराव. घरचा सराव म्हणजे आई किंवा वडील आणि मूल यांनी पाच मिनिटं खेळायचं, आठवड्यातून तीन ते पाच वेळा. खेळाचं व्हिडिओ चित्रण होतं आणि ते बघून पालकांनीच स्वतःसाठी एखादं उद्दिष्ट ठरवायचं, उदाहरणार्थ बोलण्याचा वेग कमी करणं किंवा मुलाच्या वाक्याला थांबून वाट देणं. आपल्याकडे घरोघरी जे चालतं ना, 'सावकाश बोल', 'पुन्हा नीट म्हण', मुलाचं वाक्य आपणच पूर्ण करून टाकणं, ते इथे बसत नाही. बदल मोठ्यांच्या बोलण्यात करायचा असतो. आणि पाचाची पंधरा मिनिटं करून उत्साही पालक त्याचा गृहपाठ करून टाकतात, तेही नको.

खलाशी :

चला, प्रवासाकडे. 'अराउंड द वर्ल्ड इन 80 डेज' 11 ऑक्टोबर 1989 पासून बीबीसीवर, सात भाग. ग्रॅहम चॅपमन 4 ऑक्टोबरला गेला, पायथनच्या विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आणि त्यानंतर आठवड्याभरात पेलिनचं दुसरं आयुष्य सुरू झालं. या कामासाठी बीबीसीने आधी ॲलन विकरसारख्या मुरलेल्या प्रवासी निवेदकाला विचारलं होतं, पेलिन पहिली पसंती नव्हता.

आकडे बघा. ज्यूल्स व्हर्नच्या याच नावाच्या कादंबरीत ऐंशी दिवसांत जग फिरायला निघालेल्या फॉगचा हिशेब असा: लंडन ते सुएझ 7 दिवस, सुएझ ते मुंबई 13, मुंबई ते कलकत्ता 3, कलकत्ता ते हाँगकाँग 13, हाँगकाँग ते योकोहामा 6, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को 22, तिथून न्यूयॉर्क 7 आणि न्यूयॉर्क ते लंडन 9. बेरीज 80. पेलिन 25 सप्टेंबर 1988 ला लंडनच्या रिफॉर्म क्लबमधून निघाला. अट एकच, विमान नाही.

आता 1988 मध्ये हे सोपं असायला हवं, नाही का? उलट. 1872 मध्ये सुएझहून मुंबईला उतारूंची आगबोट वेळापत्रकाने निघायची. 1988 पर्यंत विमानांनी ती सगळी वाहतूक संपवली होती, उरली ती मालवाहू जहाजं. मालवाहू जहाज बंदरातून कधी सुटणार हे मालावर ठरतं, आणि माणसाला घ्यायचं की नाही हे कप्तानावर. पॅसिफिकसारख्या लांब पल्ल्याला कंटेनर जहाज फॉगच्या आगबोटीपेक्षा कितीतरी वेगवान, पण सुएझ ते मुंबई हा टप्पा शंभर वर्षांत अवघड होऊन बसला होता. म्हणून पेलिन बोटीने जेद्दा, मग मोटारीने सौदी अरेबिया पार करून दुबई, आणि तिथून गलबताने मुंबई असा आला.

तळटीप :

गलबताचा भाग विस्ताराने सांगा की. मालिकेचा कणा तोच आहे.

खलाशी :

दुबई ते मुंबई समुद्रमार्गे सुमारे 1,900 किलोमीटर, जवळपास आठवडाभराचा प्रवास. 18 गुजराती खलाशी आणि त्यात पेलिनसह सहा इंग्रज. झोपायचं उघड्या डेकवर, संडास म्हणजे जहाजाच्या बाहेर लटकणारा खोका, मध्ये पेलिनचं पोट बिघडलेलं. संवादाला भाषा जेमतेम. एका वयस्कर खलाशाच्या कानाला तो आपल्या वॉकमनचे हेडफोन लावतो आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन ऐकवतो. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे घडतं ते कॅमेरा हलल्याशिवाय बघत राहतो. पेलिन इथे एकही विनोद करत नाही. बाजूला सरकतो. पोपटवाल्या दुकानात केलं तेच, समोरच्याला जागा दिली.

मुंबईतला भाग चौथा. फुटपाथवर दाढी करून घेतो, न्हावी आंधळा, हातात उघडा वस्तरा. भागाचं नाव 'अ क्लोज शेव्ह'. फॉग मुंबईहून कलकत्त्याला गेला होता, पेलिन रेल्वेने मद्रासला गेला कारण पुढचं जहाज तिथून होतं. ते 'सुसाक' नावाचं युगोस्लाव्ह मालवाहू, आणि त्यावर अख्ख्या चमूला जागा नव्हती. फक्त पेलिन आणि कॅमेरामन नायजेल मीकिन चढले.

2008 मध्ये वीस वर्षांनंतरच्या कार्यक्रमासाठी पेलिनने त्याच खलाशांना कच्छमध्ये शोधून काढलं. मूळ मालिका आवडलेल्यांनी तो एक तासही बघावा.

सोळा_मिमी :

@खलाशींच्या प्रतिसादातलं 'फक्त दोघे चढले' हे वाक्य किती मोठं आहे ते सांगतो.

त्या काळची प्रवासमालिका 16 मिमी फिल्मवर. एका मॅगझिनमध्ये 400 फूट फिल्म. ब्रिटिश टीव्हीच्या सेकंदाला 25 फ्रेम या वेगाने 400 फूट म्हणजे 10 मिनिटं 40 सेकंद. त्यानंतर काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, मॅगझिन बदलायचं. आवाज कॅमेऱ्यात जात नाही, तो पाव इंची टेपवर वेगळा जातो, म्हणून प्रत्येक शॉटला पाटी वाजवायची, नाहीतर लंडनला संकलनाच्या टेबलावर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. म्हणून किमान माणसं लागतात: दिग्दर्शक, कॅमेरामन, त्याचा साहाय्यक, ध्वनिमुद्रक आणि बाकी घडी बसवणारा. या पाचांना मिळून मालिकेत 'पासपार्तू' हे फॉगच्या नोकराचं नाव दिलंय. ध्वनिमुद्रक गेला, साहाय्यक गेला की त्यांची कामं कॅमेरामन आणि निवेदकाच्या गळ्यात येतात.

बिघाडाच्या जागा ठरलेल्या. उष्णतेने फिल्मचे रंग घसरतात. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी न धुतलेली फिल्म धुरकटते. खाऱ्या हवेने संपर्क गंजतात. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये एक केस अडकला तर तो प्रत्येक फ्रेमवर नाचत राहतो. आणि यातलं काहीही त्या जागी कळत नाही, कारण फिल्म लंडनला जाऊन धुतली की मगच कळणार, तोवर गलबत परत गेलेलं. म्हणून निवेदकाला 'तो क्षण पुन्हा करू' म्हणायची सोय नाही. स्टुडिओत सलग खेळण्याची सवय असलेला नट इथे सोन्यासारखा. ठरलेली ओळ पाठ करून बोलणारा निवेदक तिसऱ्या टेकला कृत्रिम होतो, पेलिनला पहिल्या टेकलाच प्रतिक्रिया देता येते.

मोरपंखी :

शेवटही मजेचा. 12 डिसेंबरला लंडनला परत, मुदतीच्या आत. पूर्वेकडे प्रवास, त्यामुळे पॅसिफिकवर एक तारीख दोनदा जगायला मिळाली, फॉगसारखीच. आणि ज्या रिफॉर्म क्लबमधून निघाला त्याने शेवटाचं चित्रीकरण आत करायला परवानगी दिली नाही. दुसऱ्या कुठल्या प्रवासमालिकेत असं काही घडलं असतं तर निर्मात्याने कापलं असतं. यांनी ठेवलं.

काडीपेटी :

बरं, एवढं मान्य. पण सज्जन इंग्रज जगभर फिरतो, लोक चहा पाजतात, तो हसतो. यात राजकारण कुठे आहे? आणि कॅमेऱ्याबाहेर सगळं आधीच जमवलेलं असतंच की.

ओव्हरकोट :

जमवलेलं असतं, कुणी नाकारत नाही. परवाने, जहाज, गाड्या, भेटी यांची तयारी महिनोन्महिने चालते. प्रश्न असा की जमवलेलं फसलं की काय दाखवतात.

'पोल टू पोल' (1992): उत्तर ध्रुवापासून 30 अंश पूर्व रेखांश धरून खाली. 1991 चा उन्हाळा, म्हणजे सोव्हिएत संघ शेवटचे श्वास घेताना आणि इथिओपियात मेंगिस्तूची राजवट पडून काही महिने झालेले असताना. आफ्रिकेच्या टोकाला पोचल्यावर अंटार्क्टिकाच्या जहाजावर जागा नाही म्हणून सांगितलं. मग चिलीतल्या पुंता अरेनासला जाऊन तिथून विमानाने दक्षिण ध्रुव. रेखांशाचा सगळा बेत मोडला आणि तसाच दाखवला. 'फुल सर्कल' (1997) मध्ये पॅसिफिकला प्रदक्षिणा घालून बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या ज्या डायोमीड बेटावरून निघाला तिथेच परत पोचायचं होतं. अमेरिकन तटरक्षक दलाच्या जहाजाने बेटाच्या अगदी जवळ नेलं आणि समुद्र खवळल्यामुळे उतरता आलं नाही. दहा भागांच्या मालिकेचं नाव 'पूर्ण वर्तुळ' आणि वर्तुळ पूर्ण नाही!

राजकारणाचं म्हणाल तर आरोपात तथ्य आहे. 'हिमालय' (2004) मध्ये खैबर खिंडीपासून बांगलादेशपर्यंत जाताना दलाई लामांची भेट आहे, काश्मीर आहे, नेपाळचे माओवादी आहेत, पण कुणाला कोपऱ्यात गाठणारा प्रश्न नाही. तो पत्रकार नाही आणि तसा आवही आणत नाही. 2018 च्या उत्तर कोरियाच्या दोन भागांत मात्र हीच पद्धत कामाला आली. सोबत सतत सरकारी मार्गदर्शक, चित्रीकरण कशाचं करायचं तेही ठरलेलं. खडसावून विचारणाऱ्याला पहिल्या दिवशी परत पाठवलं असतं. पेलिनने तिथे 75 वा वाढदिवस केला, मार्गदर्शक बाईंशी नेत्यांवर टीका करण्याबद्दल सौम्यपणे बोलला आणि त्यांची उत्तरं तशीच राहू दिली. त्या उत्तरांमधल्या थांबण्यातून जे कळतं ते निवेदनातून सांगता आलं नसतं.

झेंडूबाम :

नोंदीसाठी उरलेलं उरकतो. 1976 ते 79 'रिपिंग यार्न्स', जोन्सबरोबर लिहिलेले नऊ भाग, फार खर्चिक म्हणून थांबले. त्यात 'रॉजर ऑफ द राज' हा साहेबी हिंदुस्थानावरचा भाग आहे, आपल्याकडच्यांनी बघण्यासारखा. 2009 ते 2012 रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष. 2013 बाफ्टा फेलोशिप. जुलै 2014 मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात पायथनचे शेवटचे 10 प्रयोग. 2019 मध्ये 'सर', पायथनपैकी एकटाच. त्याच वर्षी हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया. 2020 मध्ये टेरी जोन्स गेला, मे 2023 मध्ये हेलन गेली. तरी 2022 मध्ये इराक आणि 2024 मध्ये नायजेरिया आहेच.

रोजनिशी वेगळीच. एप्रिल 1969 मध्ये सिगारेट सोडली त्या जोमात सुरू केली, म्हणजे पायथनच्या पहिल्या भागाच्या आधीपासून. चार जाडजूड खंड छापून आलेत, 2009 पर्यंतचे. पायथनच्या इतिहासात कुणी कधी काय म्हणालं यावर वाद झाला की शेवटी सगळे त्याच्याच वहीकडे येतात, कारण बाकीच्यांच्या आठवणी नंतरच्या आणि याची नोंद त्या त्या वेळची.

काडीपेटी :

ठीक. मग नव्याने बघणाऱ्याने कुठून सुरू करावं? अख्खी फ्लाइंग सर्कस बसून बघायला सांगू नका, पहिल्याच भागात माणूस झोपतो.

तळटीप :

पहिल्या भागापासून सुरू करूच नका. क्रम असा ठेवा: पोपट, चीजचं दुकान आणि इन्क्विझिशन ही तीन स्केचेस, एका बैठकीत, नजर फक्त पेलिनवर ठेवून. मग 'ब्राझील' पूर्ण, तोही मूळ शेवटाचा, कारण अमेरिकेत टीव्हीसाठी केलेल्या आवृत्तीत गोड शेवट चिकटवलाय. मग '80 डेज'चा गलबताचा भाग आणि लगेच चौथा, मुंबईचा. 'वांडा' त्यानंतर कधीही. रोजनिशीचा पहिला खंड सलग वाचू नका, नावांचा गुंता होतो, 1975 पासून उघडा. कोर्टाची साक्ष, ग्रेलचं प्रदर्शन आणि रिपिंग यार्न्सची जुळवाजुळव, सगळं तिथेच लागोपाठ सापडतं.